नर्स, ग्रीन कार्ड आणि पंगतीतली सात पानं

माझी मावसबहीण मिरजेत एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. बीएस्सी नर्सिंग, अकरा वर्षांची नोकरी, त्यातली सहा वर्षं आयसीयूत. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी व्हिसासाठी एक लाख डॉलर फी जाहीर केली. टीव्हीवर दिवसभर तेच चाललं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाइट ड्यूटी संपवून तिने मला फोन केला. "दादा, माझं अमेरिकेचं आता बारगळलं का रे?"

तोवर मला ठाऊकच नव्हतं की तिचं असं काही चाललंय. पुण्यातल्या एका एजंटाने तिला सांगितलं होतं, "सिस्टर, नर्सला लेबर सर्टिफिकेशन लागत नाही. अठरा महिन्यांत ग्रीन कार्ड हातात." फाइल उघडायचे म्हणून तो दीड लाख रुपये मागत होता आणि त्यासाठी ती दागिने मोडायला निघाली होती.

त्या फोननंतर मी कायदा, नियम आणि अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची दरमहा निघणारी पत्रकं वाचत बसलो. एजंटाच्या त्या बोलण्यातलं पहिलं वाक्य अगदी खरं आहे. दुसरं, भारतात जन्मलेल्या नर्ससाठी, साफ खोटं आहे. पहिलं वाक्य पात्रतेबद्दल आहे आणि दुसरं रांगेबद्दल. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणूस फसतो, आणि आपल्याकडच्या अनेक हुशार, कष्टाळू मुली इथेच फसतात.

एक लाख डॉलरची फी नर्सला लागू आहे का?

जवळजवळ नाही, कारण नर्सचा रस्ताच वेगळा आहे.

अमेरिकेत जाण्याचे दोन प्रकार आहेत. एक तात्पुरता व्हिसा: ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीसाठी, भाड्याच्या घरासारखा. दुसरा कायमस्वरूपी वास्तव्याचा हक्क, म्हणजेच ग्रीन कार्ड. ते मिळालं की मुदतीची चिंता नाही, नोकरी बदलता येते आणि जोडीदारालाही काम करता येतं. कार्डाचं नूतनीकरण दर दहा वर्षांनी होतं. पाच वर्षांनंतर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो.

एच-१बी हा पहिल्या प्रकारातला. ज्या कामाला त्याच विषयातली किमान पदवी लागतेच लागते, अशाच कामासाठी तो मिळतो. अमेरिकेत दोन वर्षांचा अभ्यासक्रम करूनही रजिस्टर्ड नर्स होता येतं. त्यामुळे वॉर्डातल्या नेहमीच्या नर्सचं काम या व्याख्येत सहसा बसत नाही. तुमच्याकडे चार वर्षांची बीएस्सी आहे म्हणून फरक पडत नाही, कारण कायदा माणसाची पदवी बघण्याआधी त्या जागेची गरज बघतो. नर्ससाठी पूर्वी खास तात्पुरते व्हिसा होते. १९८९ च्या कायद्यातला एच-१ए १९९५ मध्ये बंद झाला. त्यानंतर आलेला एच-१सी वर्षाला फक्त ५०० जणींसाठी होता, तोही २००९ मध्ये संपला.

म्हणून परदेशी नर्ससाठी नेहमीचा मार्ग उरतो तो थेट ग्रीन कार्डाचा. सॉफ्टवेअरवाला आधी तात्पुरता जातो आणि तिथे राहून कायमचं होण्याची वाट बघतो. नर्स मात्र आपल्या गावातच थांबते आणि नंबर लागला की कायमचा हक्क घेऊनच विमानातून उतरते. नर्सच्या बाबतीतले बहुतेक गैरसमज हा फरक लक्षात न आल्याने होतात.

मग "लेबर सर्टिफिकेशन लागत नाही" म्हणजे काय?

अमेरिकेतल्या एखाद्या मालकाला परदेशी माणूस कायमचा नेमायचा असेल, तर आधी सिद्ध करावं लागतं की या जागेसाठी लायक अमेरिकी माणूस मिळाला नाही. जाहिराती द्यायच्या, आलेले अर्ज तपासायचे, कोणाला का घेतलं नाही ते लिहून ठेवायचं आणि मग तिथल्या कामगार खात्याची मंजुरी घ्यायची. या मंजुरीला लेबर सर्टिफिकेशन म्हणतात. यातच वर्ष-दीड वर्ष सहज जातं.

काही कामांच्या बाबतीत मात्र कामगार खात्याने आधीच मान्य करून टाकलंय की माणसं कमी आहेत, पुन्हा सिद्ध करायची गरज नाही. या यादीचं नाव शेड्यूल ए. तिच्या पहिल्या गटात दोनच व्यवसाय आहेत: फिजिओथेरपिस्ट आणि व्यावसायिक नर्स. तिथे डॉक्टर नाहीत, इंजिनिअर नाहीत. आपल्याकडे ज्या कामाला वर्षानुवर्षं कमी लेखलं गेलं, त्याची टंचाई तिथल्या सरकारने नियमातच लिहून ठेवली आहे, हे वाचताना मला बहिणीचा अभिमान वाटला.

याचा अर्थ मालकाला काहीच करावं लागत नाही असा नाही. त्या भागात त्या कामाचा चालू पगार किती, हे त्याला कामगार खात्याकडून ठरवून घ्यावं लागतं आणि तेवढा पगार द्यावाच लागतो. परदेशी नर्स घेत असल्याची सूचना कामाच्या जागी सलग दहा कामकाजाचे दिवस लावावी लागते. कामगार संघटना असेल तर तिला कळवावं लागतं. मग तो इमिग्रेशन खात्याकडे आय-१४० नावाचा अर्ज भरतो. हा अर्ज मालकाचा असतो, नर्सचा नाही. म्हणून "तुमची आय-१४० आम्ही भरतो" असं एजंट म्हणाला की पहिला प्रश्न विचारायचा: कोणत्या रुग्णालयाच्या नावाने?

नर्सच्या बाजूने काय लागतं?

आय-१४० भरताना नर्सकडे तीनपैकी एक गोष्ट असावी लागते: ज्या राज्यात काम करणार तिथला पूर्ण परवाना, एनक्लेक्स-आरएन परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा पुरावा, किंवा सीजीएफएनएस या संस्थेचं प्रमाणपत्र. बहुतेक जणी एनक्लेक्सचा रस्ता धरतात.

एनक्लेक्स ही अमेरिकेत नर्सिंगचा परवाना मिळवायची परीक्षा. ती भारतातल्या केंद्रांवर देता येते आणि संगणकावर होते. एक उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न जरा अवघड येतो, चुकलं की सोपा येतो. तुम्ही पात्र आहात की नाही याची संगणकाला खात्री पटली की परीक्षा थांबते. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. एप्रिल २०२३ पासून तिचं स्वरूप बदललं. पाठांतरापेक्षा, रुग्णाचा चार्ट समोर ठेवून "आता आधी काय कराल" हे विचारण्यावर आता जास्त भर आहे. ज्यांनी वॉर्डात खरोखर काम केलंय त्यांना हा बदल मानवतो, असं माझ्या बहिणीचं सराव प्रश्न सोडवल्यानंतरचं मत.

या परीक्षेला बसण्याआधी अमेरिकेतलं एखादं राज्य निवडून तिथल्या नर्सिंग बोर्डाकडे अर्ज करावा लागतो. ते बोर्ड तुमचं शिक्षण तपासतं. खरा वेळ इथे जातो. कॉलेजची गुणपत्रकं आणि किती तास थिअरी, किती तास प्रत्यक्ष काम याचा तपशील कॉलेजकडून थेट तिकडे जावा लागतो. नोंदणीची पडताळणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून थेट जावी लागते. जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, झालेल्यांनाही अनेक राज्यं परीक्षेला बसू देतात, पण प्रसूती, बालरोग, मानसिक आरोग्य आणि मेडिकल-सर्जिकल या चारही विषयांचे तास कागदावर नीट दिसले पाहिजेत. एएनएमचा, म्हणजे सहायक परिचारिकेचा, अभ्यासक्रम यात बसत नाही.

दुसरा कागद व्हिसास्क्रीन. १९९६ च्या कायद्याने परदेशी आरोग्य कर्मचाऱ्यांना तो सक्तीचा झाला. १९७७ मध्ये स्थापन झालेली सीजीएफएनएस, जिचं नाव २०२५ मध्ये ट्रूमेरिट झालं, तो देते. शिक्षण, आजवरच्या सगळ्या नोंदण्या आणि इंग्रजी यांची तपासणी करून "ही नर्स अमेरिकेत काम करायला योग्य आहे" असा तो दाखला असतो. इंग्रजीसाठी आयईएलटीएस, ओईटी वगैरे परीक्षा चालतात.

पैसे वाचवायचे असतील तर एक गोष्ट आताच ध्यानात घ्या. व्हिसास्क्रीन आय-१४० भरताना लागत नाही, तो शेवटी, व्हिसाच्या मुलाखतीच्या वेळी लागतो. त्याची मुदत पाच वर्षं असते. इंग्रजीच्या गुणांची मुदत साधारण दोन वर्षं. रांग लांब असताना पहिल्याच दिवशी व्हिसास्क्रीनचे पैसे भरून घेणारा माणूस तुम्हाला असा कागद विकतोय, जो गरज पडेल तेव्हा बाद झालेला असेल.

पंगत

आता दुसऱ्या वाक्याकडे येऊ, "अठरा महिन्यांत."

समजा एक मोठं गावजेवण आहे. बल्लवाने ठरवलंय, पंगतीत शंभर पानं मांडायची. गावात लहानमोठ्या पुष्कळ वाड्या आहेत. एकाच वाडीने सगळी पानं अडवू नयेत म्हणून नियम केला: कोणत्याही वाडीला सातांपेक्षा जास्त पानं नाहीत. ज्या वाडीत दहा घरं आहेत तिलाही सात, ज्या वाडीत हजार घरं आहेत तिलाही सात.

अमेरिकेच्या ग्रीन कार्डाचा हिशोब असाच आहे. १९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारे वर्षाला १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं ठरवली. त्यांचे गट पाडले. नर्स ज्या तिसऱ्या गटात येते त्याला २८.६ टक्के, म्हणजे सुमारे ४० हजार. आणि कोणत्याही एका देशाला सात टक्के. तिसऱ्या गटात भारताच्या वाट्याला या हिशोबाने वर्षाला सुमारे २,८०० पानं येतात.

तेवढ्यावरही भागत नाही. नवरा आणि एकवीस वर्षांखालची अविवाहित मुलंही पंगतीला बसतात आणि प्रत्येकाचं पान मोजलं जातं. चौघांचं कुटुंब म्हणजे चार पानं. सगळीच कुटुंबं चौघांची धरली तर २,८०० पानांवर सातशेच कुटुंबं जेवतील. शिवाय ही पंगत नर्सची एकटीची नाही. संगणक अभियंते, हिशेबनीस, शिक्षक सगळे याच गटात आहेत, आणि भारताच्या वाडीत सॉफ्टवेअरवाल्यांचीच गर्दी मोठी आहे. नर्सला टंचाईच्या यादीमुळे स्वयंपाकघरातून आत यायची सवलत मिळाली, पण जेवायला मात्र त्याच रांगेत उभं राहावं लागतं. कामगार खातं म्हणतं नर्स हव्या आहेत. पानं किती मांडायची हे संसद ठरवते, आणि तो आकडा १९९० पासून बदललेला नाही.

प्रायॉरिटी डेट: तुमचं नाव रांगेत कधी लागलं

नर्सच्या बाबतीत आय-१४० ज्या दिवशी इमिग्रेशन खात्यात दाखल होते, तो दिवस म्हणजे तिची प्रायॉरिटी डेट. दर महिन्याला अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा बुलेटिन काढतं. त्यात प्रत्येक गटासमोर आणि देशासमोर एक तारीख असते. तुमची तारीख तिच्याआधीची असेल तर तुमचं पान मांडलं गेलं.

२०२५ च्या अखेरीस तिसऱ्या गटात भारतासमोर २०१३ मधली तारीख होती. फिलिपिन्ससमोर २०२३ मधली. बाकीच्या बहुतेक जगासमोरही २०२३ मधलीच.

हे वाचून बहीण म्हणाली, "म्हणजे बारा वर्षं?" मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं, पण तसं नाही. आज जेवायला बसलेला माणूस बारा वर्षांपूर्वी रांगेत लागला, एवढंच ही तारीख सांगते. आज रांगेच्या शेवटी उभं राहणाऱ्याच्या पुढे किती माणसं आहेत, हे ती सांगत नाही. २०१३ नंतरच्या वर्षांत रांगेत शिरलेली माणसं जास्त असतील तर वाट बारा वर्षांपेक्षा लांब असेल. भारताच्या बाबतीत ती लांबच असेल असं धरून चालावं.

तारीख मागेही जाते. यजमानाने पन्नास नंबरपर्यंत हाक मारली आणि अंदाजापेक्षा जास्त माणसं उठून आली, तर तो म्हणतो, "चाळीसच्या पुढचे जरा थांबा." मे २०२३ मध्ये तसंच झालं. तोवर बहुतेक देशांतल्या नर्सना रांगच नव्हती, आणि अचानक तारीख जून २०२२ वर गेली. याची झळ भारतालाही बसली. इतर वाड्यांची पानं उरली तर ती सर्वांत जुन्या तारखेच्या माणसाला मिळतात, मग तो कोणत्याही वाडीचा असो. कोविडनंतर २०२१ आणि २०२२ या आर्थिक वर्षांत कौटुंबिक गटातली, म्हणजे नातेवाइकांच्या आधारे मिळणारी, न वापरलेली पानं नोकरीच्या गटांकडे वळली आणि भारताची रांग पुष्कळ सरकली. आता बाकीच्या वाड्यांतही माणसं ताटकळत आहेत, त्यामुळे उरतं फारच थोडं.

"पण केरळच्या मुली तर जातात!"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला गेला. जातात, आणि त्याची कारणं समजून घ्यावीत.

काही जणींचा अर्ज खूप जुना असतो. काही जणी नातेवाइकांमार्फत, कौटुंबिक गटातून जातात. तिसरं कारण फार कमी लोकांना माहीत असतं. वाडी ठरते ती जन्माच्या देशावरून. नागरिकत्वावरून नाही, पासपोर्टवरून नाही, आज कुठे राहता यावरूनही नाही. आईवडील कुवेत किंवा दुबईत नोकरीला असताना तिथे जन्मलेली मुलगी भारतीय पासपोर्ट बाळगत असली तरी भारताच्या रांगेत मोजली जात नाही. नवऱ्याचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर त्याच्या देशाचं पान घेता येतं. आखातात जन्मलेल्या मल्याळी मुलांची संख्या मोठी आहे, म्हणून ही वाट त्यांच्याकडे जास्त दिसते. आपल्याकडेही अशी घरं आहेत. कुटुंबात कोणाचा जन्म बाहेरचा असेल तर जन्मदाखला आधी काढा.

याची उलटी बाजूही आहे. गोव्यात जन्मून पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेली नर्स अमेरिकेच्या या हिशोबात भारतातच मोजली जाते. लंडनमध्ये दहा वर्षं काम करून ब्रिटिश नागरिक झालेली मिरजेची मुलगीसुद्धा भारतातच.

नवरा एच-१बीवर अमेरिकेत असेल तर?

अशा मराठी नर्स पुष्कळ आहेत. डिपेंडंट व्हिसावर गेल्या आणि घरी बसल्या. त्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. नवऱ्याची आय-१४० मंजूर झाली असेल तर २०१५ पासूनच्या नियमाप्रमाणे पत्नीला कामाचा परवाना मागता येतो, आणि राज्याचा नर्सिंग परवाना असेल तर तिला नर्स म्हणून कामावर जाता येतं. दुसरं म्हणजे नवऱ्याची जुनी प्रायॉरिटी डेट तिलाही लागू होते. त्याची तारीख २०१४ ची असताना तिने २०२६ च्या नव्या तारखेवर विसंबून राहायचं कारण नाही.

"जास्त पैसे भरून लवकर होतं म्हणतात"

प्रीमियम प्रोसेसिंग नावाची सोय खरोखर आहे. जादा फी भरली की आय-१४० वर १५ कामकाजाच्या दिवसांत काहीतरी उत्तर येतं. पण लवकर येतो तो निकाल. रांग तेवढीच राहते. पंगतीच्या यादीत तुमचं नाव पटकन तपासून झालं, पान मात्र तारखेनेच मिळणार.

दुसऱ्या गटात, म्हणजे मास्टर्स लागणाऱ्या जागांच्या गटात, अर्ज करायचा सल्लाही दिला जातो. वॉर्डातल्या नर्सची जागा तिथे सहसा बसत नाही. नर्स प्रॅक्टिशनरसारखी (जादा शिक्षण घेऊन रुग्ण तपासणाऱ्या नर्सची) जागा बसते. आणि भारतासाठी त्या गटाची तारीखही २०२५ च्या अखेरीस २०१३ मध्येच होती.

"कायदा बदलेल ना?"

बदलू शकतो, यापूर्वी बदललाही आहे. २००५ मध्ये अमेरिकी संसदेने आधीच्या वर्षांत न वापरलेली ५० हजार पानं शेड्यूल एसाठी परत काढली आणि ती दोन वर्षांच्या आत संपली. त्यानंतर असं झालेलं नाही. नर्ससाठी २५ हजार आणि डॉक्टरांसाठी १५ हजार पानं अशीच परत काढणारं विधेयक २०२० पासून पुन्हा पुन्हा मांडलं गेलं, पण २०२५ च्या अखेरपर्यंत त्याचा कायदा झाला नव्हता.

देशनिहाय सात टक्क्यांची मर्यादाच उठवावी, असंही विधेयक आलं होतं. जुलै २०१९ मध्ये ते प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं, पण शेवटी कायदा झालाच नाही. विरोध करणाऱ्यांत परदेशी नर्स नेणारी मंडळीही होती. मर्यादा उठली की सगळ्या वाड्यांची एकच रांग होते, भारतातले जुने अर्जदार पुढे येतात, आणि जी फिलिपिनो नर्स दोन-तीन वर्षांत जाते तिची वाट कित्येक वर्षांनी लांबते. एकाचं दुःख कमी करताना दुसऱ्याचं वाढतं. पानं वाढवल्याशिवाय यातून सुटका नाही, असं माझं मत आहे.

मुलांचं वय

बहिणीची मुलगी नऊ वर्षांची आहे. एकवीस पूर्ण झाली की मूल आईच्या अर्जातून बाहेर पडतं. वयाचा हिशोब करताना एक सवलत आहे: आय-१४० जितके दिवस निकालाविना पडून होती, तितके दिवस वयातून वजा होतात. ती सवलत काही महिन्यांची असते, रांग दशकांची. आज अर्ज केला आणि बारा वर्षांत नंबर लागला, तरी मुलगी काठावर असेल.

हे ऐकल्यावर बहीण बराच वेळ बोलली नाही. एजंटाने हा विषय काढलाच नव्हता.

बॉन्ड आणि कंत्राट

ग्रीन कार्डावर गेलेल्या नर्सने त्या मालकाकडे अमुक वर्षं काम केलंच पाहिजे असं कायदा सांगत नाही. जाताना तिथे काम करण्याचा प्रामाणिक इरादा हवा. पण मालक किंवा भरती संस्था दोन-तीन वर्षांचं कंत्राट करून घेतात आणि सोडल्यास दंड लावतात. न्यूयॉर्कमध्ये फिलिपिन्सच्या नर्सवर असा २५ हजार डॉलरचा दंड लावलेला होता. २०१९ मध्ये तिथल्या फेडरल न्यायालयाने नर्सच्या बाजूने निकाल दिला. माणसाला दंडाच्या धाकाने कामावर बांधून ठेवणं हे सक्तीच्या मजुरीविरुद्धच्या कायद्याचं उल्लंघन ठरलं. प्रत्येक दंड बेकायदा असतो असं नाही. मालकाने केलेल्या खर्चाच्या प्रमाणात परतफेड मागणं वेगळं. म्हणून सही करण्याआधी कंत्राटात हे शोधा: दंड किती, तो दर महिन्याला कमी होतो का, पगाराचा तास किती डॉलरचा, आणि रुग्णालय कोणतं.

आपल्याकडे परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाकडे असावी लागते. ई-मायग्रेट संकेतस्थळावर ती तपासता येते. उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्कालाही ३० हजार रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. दीड लाख मागणारा म्हणतो, "आम्ही भरती करत नाही, सल्ला देतो." मग नोकरी कोण देणार, हे त्याला विचारायलाच हवं.

मग अर्ज करायचाच नाही का?

मी बहिणीला तसं सांगितलं नाही. प्रायॉरिटी डेट एकदा मिळाली आणि आय-१४० मंजूर झाली की ती तारीख तुमच्या नावावर राहते. पुढे ते रुग्णालय बंद पडलं किंवा त्यांनी हात आखडता घेतला, तरी दुसऱ्या मालकाने नवी आय-१४० भरली की जुनी तारीख त्यावर चालते. अपवाद मुख्यतः फसवणुकीचा किंवा अर्जातल्या मोठ्या चुकीचा. खरं रुग्णालय, खरी नोकरी मिळत असेल आणि खर्च मालक करत असेल, तर रांगेत नाव लावून ठेवण्यात नुकसान नाही. तोवर आयुष्य मात्र इथेच चालू ठेवायचं. नोकरी सोडायची नाही, घर विकायचं नाही, "पुढच्या वर्षी जाणार" म्हणून मुलांच्या शाळेचे निर्णय टांगून ठेवायचे नाहीत.

नंबर लागेल तेव्हा शेवटचा टप्पा आपल्या दारातच आहे. भारतातल्या स्थलांतर व्हिसाच्या मुलाखती मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होतात. वैद्यकीय तपासणी, पासपोर्ट कार्यालयाचं पोलीस प्रमाणपत्र, व्हिसास्क्रीन आणि मालकाचं ताजं पत्र एवढ्यावर ते काम होतं.

ज्यांना लवकर जायचंय त्यांनी इतर दारंही पाहावीत. जर्मनीत जन्मदेशाची पंगत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सही आहेत. तिथली अडचण भाषेची आणि पदवीला मान्यता मिळवण्याची आहे, पण मान्यताप्राप्त कुशल कामगाराला तीन वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. ब्रिटनमध्ये पाच वर्षांनी तो हक्क मिळत आला आहे, मात्र मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत तिथल्या सरकारने ही मुदत दहा वर्षं करायचा प्रस्ताव मांडला आहे. तिकडे निघालेल्यांनी हे लक्षात ठेवूनच हिशोब करावा.

बहिणीने दागिने मोडले नाहीत. एनक्लेक्स मात्र ती देणार आहे. जुन्या गुणपत्रकांसाठी गेल्या आठवड्यात कॉलेजात जाऊन आली आणि कौन्सिलकडे पडताळणीचा अर्जही टाकला. एजंटाला तिने एकच मेसेज केला, आय-१४० कोणतं रुग्णालय भरणार? पंधरा दिवस झाले, त्याचं उत्तर आलेलं नाही.